स्पीकिंग टेस्टमध्ये सायकलचा प्रश्न आला की उत्तर अडतं : कारणं आणि उपाय

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद या पट्ट्यातली जी मुलं-मुली आयेल्ट्सची (IELTS, परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा) तयारी करतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचं लहानपण सायकलवर गेलेलं असतं. नर्सिंग करून बाहेर जाऊ पाहणारी मुलगी असो, की अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून ॲग्री करून परदेशी अर्ज भरणारा मुलगा असो, शाळेचा रस्ता सायकलनंच पार केलेला. तरी सराव घेताना एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. घर, अभ्यास, जेवण, सणवार यांवर बऱ्यापैकी बोलणारा मुलगा सायकलवर मात्र तीन वाक्यांत संपतो. चूक दाखवून दिली, आठवड्यानं परत विचारलं, तरी उत्तर तेच:

"येस, आय हॅव सायकल. सायकल इज इको-फ्रेंडली व्हेइकल. इट डज नॉट कॉज पोल्युशन अँड इट इज गुड फॉर हेल्थ."

एवढं बोलून तो थांबतो. त्याच्या मते उत्तर झालं, आणि बरोबरही झालं. स्कोअर मात्र ५ किंवा ५.५ च्या पुढं सरकत नाही. अशा मुलांना लोक सांगतात, 'इंग्रजी वाढव, शब्द पाठ कर'. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा दुसरीकडं असतो आणि तो दुरुस्त होण्यासारखा असतो. कुठं कुठं तपासायचं, ते खाली लिहितो.

प्रश्न नेमका काय विचारतोय

सायकल हा विषय बहुतेक करून पार्ट वनमध्ये येतो. पूर्ण स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं, त्यातला पार्ट वन ४ ते ५ मिनिटांचा. ओळखपत्र बघून झालं की घर, गाव, शिक्षण किंवा नोकरी यावर काही प्रश्न होतात आणि मग रोजच्या जगण्यातले एक-दोन विषय निघतात. सायकलचे प्रश्न साधारण या धाटणीचे असतात: "डिड यू हॅव अ बाइक व्हेन यू वेअर यंग?", "हाउ डिड यू लर्न टू राइड?", "डू यू राइड अ बाइक नाऊ?", "आर बाइसिकल्स पॉप्युलर व्हेअर यू लिव्ह?"

प्रत्येक प्रश्नात 'यू' आहे, हे लक्षात घ्या. सायकलचे फायदे कुणी विचारलेलेच नाहीत.

गुण चार गोष्टींना मिळतात आणि चारही समान वजनाच्या आहेत: न अडखळता सुसंगत बोलणं, शब्दांची विविधता आणि अचूकता, व्याकरण, उच्चार. मुद्दे किती सांगितले याचा रकाना परीक्षकाच्या कागदावर नाही. तुमचं मत पटलं की नाही, यालाही गुण नाहीत. आपल्याकडं दहावी-बारावीच्या पेपरात मुद्द्यांना गुण असतात, त्यामुळं मुलांना हे पचायला वेळ लागतो. पण हे एकदा मनात बसलं की अर्धी दुरुस्ती तिथंच होते, कारण मग मुलगा मुद्दे शोधायचं सोडून बोलायला लागतो.

या चार गुणांच्या सरासरीचं गणितही समजून घ्या. दोन ठिकाणी ६ आणि दोन ठिकाणी ५ मिळाले तर एकूण ५.५. म्हणजे चारही बाजू एकदम सुधारायची गरज नसते. कोणत्या दोन खाली ओढतात ते ओळखलं तरी पुढं सरकता येतं. सायकलच्या उत्तरात बहुतेकांच्या बाबतीत पहिली बाजू, म्हणजे सलग बोलणं, आणि तिसरी, म्हणजे व्याकरणातला काळ, या दोन अडलेल्या दिसतात.

मुख्य बिघाड : उत्तराच्या जागी निबंध

'सायकलचे फायदे' हा निबंध आपण पाचवीपासून मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहिलेला आहे. शब्द कानावर पडला की तोच बाहेर येतो. तुमचं उत्तर निबंध आहे की उत्तर, हे तपासायची एक सोपी रीत आहे. तुमचं उत्तर शेजारच्या बाकावरच्या मुलाला म्हणायला द्या. एकही शब्द न बदलता ते त्याच्या तोंडी खरं ठरलं, तर ते तुमचं उत्तर नाही.

निबंधाचं नुकसान दोन बाजूंनी होतं. एक म्हणजे तो लवकर संपतो. प्रदूषण, आरोग्य, पेट्रोलची बचत, झालं. दुसरं म्हणजे त्यातला काळ सगळा वर्तमान, वाक्यं सगळी एका साच्याची, शब्द सगळे सर्वांचे. व्याकरणात आणि शब्दांत तुम्हाला काय येतं ते दाखवायला जागाच उरत नाही. शिवाय पाठ केलेलं बोलणं परीक्षकाला कळतं. आवाज सपाट होतो आणि प्रश्न जरा वळला की मघाचा वेग एकदम पडतो.

उपाय असा: आधी घरच्या बोलीत सांगा. पुस्तकी मराठीतही नको, घरी बोलता त्या वऱ्हाडीत. एका मुलाशी झालेलं बोलणं इथं देतो, कारण यातून रीत नीट कळते.

"तुझी सायकल कोणती होती रे?"

"माह्यावाली नव्हती सर. मोठ्या भावाची होती. त्याले कॉलेजात गाडी घेऊन देल्ली, त मंग मले भेटली."

"मोठी होती का तुला?"

"लय मोठी. पाय पुरे नाही. दांडीखालून पाय घालून चालवत होतो पहिले."

"त्रास काय द्यायची?"

"चेन पडे. अन् पावसाळ्यात त इचारूच नका. मडगार्डात माती फसे, चाकच फिरे नाही. काडीनं माती काढा लागे, मंग पुढं जा लागे. शाळेत पोहोचलो की हात पाय काळे."

आता हेच इंग्रजीत. प्रत्येक शब्द पालटायचा नाही. जे घडलं ते डोळ्यापुढं ठेवायचं आणि जवळ आहेत त्याच साध्या शब्दांत सांगायचं:

"येस, आय डिड, बट इट वॉजन्ट रिअली माइन. इट वॉज माय ब्रदर्स ओल्ड बाइक. इट वॉज टू बिग फॉर मी, सो ॲट फर्स्ट आय हॅड टू राइड इट विथ वन लेग अंडर द क्रॉसबार. द चेन केप्ट कमिंग ऑफ, अँड इन द रेनी सीझन मड गॉट स्टक अंडर द मडगार्ड, सो आय यूज्ड टू स्क्रेप इट आउट विथ अ स्टिक."

हे उत्तर साधारण वीस-पंचवीस सेकंदांचं आहे. पार्ट वनला दोन ते चार वाक्यं पुरतात, त्यामुळं खरं तर यातलं एखादं वाक्य गाळलं तरी चालेल. यात अवघड शब्द कोणता? 'क्रॉसबार' आणि 'स्क्रेप' हे दोन सोडले तर सगळे आठवीतले. तरी यात भूतकाळ आहे, 'सो' हा कारण जोडणारा शब्द आहे, 'केप्ट कमिंग ऑफ' आणि 'गॉट स्टक' सारख्या बोलण्यातल्या रचना आहेत. आणि हे विसरायची भीती नाही, कारण हे त्यानं पाठ केलेलं नाही, त्याच्या पायांनी केलेलं आहे. परीक्षकानं मध्येच "वॉज इट डिफिकल्ट टू लर्न?" विचारलं तरी त्याच्याकडं सांगायला आणखी आहे.

काळ्या मातीबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडची काळी माती चिकणमातीच्या जातीची. पाणी लागलं की ती फुगते, चिकटते, आणि चाक व मडगार्ड यांच्यामधली फट भरून टाकते. समोरच्या परीक्षकानं असा रस्ता पाहिलेलाच असेल असं नाही, म्हणून "हेव्ही, स्टिकी, ब्लॅक सॉइल" असे चार शब्द जोडले की त्याला चित्र दिसतं. अशी जागेची खूण उत्तरात आली की ते उत्तर दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलानं धानाच्या बांधावरून सायकल हातात धरून नेल्याचं सांगावं, गडचिरोलीच्या मुलीनं कॅरिअरवर मोहाचं पोतं बांधल्याचं सांगावं, अचलपूरच्या मुलानं संत्र्याच्या बागेतल्या पायवाटेचं. जे खरं असेल ते.

काळ चुकतो, आणि तो आपल्या बोलीमुळं एका ठरावीक पद्धतीनं चुकतो

"डिड यू हॅव अ बाइक?" या प्रश्नाला "येस, आय ॲम हॅविंग सायकल" असं उत्तर यवतमाळपासून नागपूरपर्यंत ऐकायला मिळतं. आपण 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' दिवसातून शंभरदा म्हणतो. तीच सवय इंग्रजीत 'आयएनजी' होऊन उतरते: "आय वॉज गोइंग टू स्कूल बाय सायकल डेली." व्याकरणात हे मोडकं नाही वाटलं तरी अर्थ सरकतो. इंग्रजीत 'वॉज गोइंग' म्हणजे त्या एका क्षणी चाललेली गोष्ट. रोजची जुनी सवय सांगायची असेल, म्हणजे मराठीत जिथं 'जायचो', 'चालवायचो', 'पडायचो' येतं, तिथं "यूज्ड टू" वापरायचं किंवा साधा भूतकाळ: "आय यूज्ड टू सायकल टू स्कूल", "आय सायकल्ड टू स्कूल एव्हरी डे."

मी मुलांना एकच खूण देतो: मराठीत वाक्याच्या शेवटी 'यचो, यची, यचे' आलं की इंग्रजीत 'यूज्ड टू'. दोनदा 'यूज्ड टू' झालं की तिसऱ्यांदा 'वुड' घ्या: "आफ्टर स्कूल वी वुड रेस डाउन द कॅनाल रोड." पण एकदाच घडलेल्या गोष्टीला यातलं काहीच लावायचं नाही. "वन डे आय यूज्ड टू फॉल" चालत नाही. तिथं "वन डे आय फेल ऑफ."

'हॅव' (जवळ असणं या अर्थी), 'नो', 'लाइक', 'वाँट' या क्रियापदांना 'आयएनजी' लावायचं नाही, एवढा नियम पाळला तरी उत्तरातल्या चुका दिसण्याइतक्या कमी होतात.

आणि प्रश्नाचा पहिला शब्द ऐका. 'डिड' आला तर उत्तर भूतकाळात, 'डू' आला तर आजचं, 'वुड' आला तर 'वुड'नंच: "आय वुड लाइक टू, बट..." सराव करताना हे तीन प्रकारचे प्रश्न एकापाठोपाठ एक न विचारता मिसळून विचारायला सांगा. लहान भावाला किंवा बहिणीला चिठ्ठ्या काढायला बसवा. सलग चार 'डिड' आले की सगळे बरोबर येतात. खरी परीक्षा 'डिड' नंतर 'डू' आल्यावर होते.

शब्द : थोडे, पण सायकलचे

पहिली गोष्ट, आपण 'बाईक' म्हणतो ती मोटरसायकल. टेस्टमध्ये या विषयात 'बाइक' म्हणजे सायकल. हे माहीत नसल्यानं मुलं स्प्लेंडरबद्दल बोलत बसतात. शंका वाटली तर सरळ विचारा: "डू यू मीन अ बाइसिकल?" विचारल्यानं गुण जात नाहीत.

सायकल 'ड्राइव्ह' करत नाहीत, 'राइड' करतात. 'ड्राइव्ह' चारचाकीला, ट्रॅक्टरला. 'डबलसीट' हा शब्द आपल्याकडंच चालतो. "माय सिस्टर सॅट ऑन द बॅक" म्हणा. 'पंक्चर' चालतो: "आय गॉट अ पंक्चर." सायकल हातात धरून नेली तर "आय हॅड टू पुश इट होम." हवा भरणं "पंप अप द टायर्स". चेन उतरली तर "द चेन केम ऑफ". सायकलवरून पडणं "फॉल ऑफ", गुडघा सोलणं "स्क्रेप माय नी". कुणाची तरी जुनी मिळालेली वस्तू "अ हँड-मी-डाउन", आणि विकत घेतलेली जुनी असेल तर "सेकंड-हँड". कच्चा, खडबडीत रस्ता "अ बम्पी डर्ट रोड".

एवढे शब्द पुरेत. हे मिळवायला पुस्तकही लागत नाही. गावातल्या पंक्चरच्या दुकानापाशी अर्धा तास उभं राहा, मिस्त्री जे जे करतो ते मनात इंग्रजीत सांगत राहा. तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, बुडबुडे निघतात, तिथं खूण करतो, घासतो, सोल्यूशन लावतो, ठिगळ चिकटवतो. "ही पुट्स द ट्यूब इन वॉटर टू फाइंड द होल." हे वाक्य ज्याला जमलं, त्याला कोणतीही कृती सांगता येईल.

एखादा शब्द नेमका वेळेवर आठवला नाही, तर थांबू नका, वर्णन करा. 'पंप' आठवत नाही? "द थिंग यू यूज टू पुट एअर इन द टायर्स." असं वळसा घालून सांगता येणं हे शब्दसंपत्तीच्या रकान्यात जमेचंच धरलं जातं. उलट मोठा शब्द शोधताना चार सेकंद गेले, तर सलग बोलण्याचे गुण जातात. 'युबिक्विटस'सारखे शब्द सायकलच्या उत्तरात घालायला काही व्हिडिओ सांगतात. ते घालू नका. भोवतीची वाक्यं साधी आणि मधे तो एकटा शब्द, हे कानाला लगेच खटकतं.

उच्चारातले नेहमीचे अडथळे

आपल्या वऱ्हाडी किंवा नागपुरी ढंगाला कुणी गुण कापत नाही. समोरच्याला विनासायास कळतंय का, हे बघतात. म्हणून परदेशी धाटणीचं तोंड वेडंवाकडं करून बोलायची गरज नाही. पण काही शब्द असे चुकतात की ऐकणाऱ्याला थांबावं लागतं, ते सुधारा.

'बायसायकल' म्हणू नका. शब्द 'बाइसिकल' आहे, मधे 'सि' ऱ्हस्व, आणि जोर पहिल्या 'बाइ'वर. एकटा 'सायकल' मात्र आपण म्हणतो तसाच. 'व्हेइकल'मध्ये 'ह'चा हिसका नको, 'व्हीइकल' असं वाहतं म्हणा.

'वॉक्ड', 'स्टॉप्ड', 'पुश्ड' यांचा शेवट 'एड' असा वेगळा तोडून म्हणायची सवय फार मुलांना आहे: 'स्टॉपेड', 'पुशेड'. खरा उच्चार 'स्टॉप्ट', 'पुश्ट'. सायकलचं उत्तर भूतकाळात असल्यामुळं ही चूक इथं दर वाक्याला ऐकू येते. 'नीडेड', 'स्टार्टेड' यांत मात्र शेवटचा 'एड' स्पष्ट येतो, कारण त्यांच्या मुळातच 'ड' किंवा 'ट' आहे. एवढा एक नियम समजला की पन्नास क्रियापदं एकदम सुधारतात.

'व'चे इंग्रजीत दोन आवाज आहेत. 'व्हिलेज'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'व्हील', 'वॉक', 'वेदर'ला दात लागत नाहीत, ओठ गोल होतात. आरशासमोर "द व्हील्स गॉट स्टक निअर माय व्हिलेज" हे वाक्य म्हणून बघा. दात कधी दिसतात, कधी नाही, ते आरसाच दाखवेल.

"माझ्याकडं सायकल नव्हतीच" किंवा "सांगायला लाज वाटते"

यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण याबद्दल मुली सहसा उघड बोलत नाहीत.

ज्यांच्याकडं सायकल नव्हती, त्या सायकल होती असं बनवून सांगतात आणि पुढच्या प्रश्नाला अडकतात. परीक्षक खरंखोटं तपासत नाही, पण रंग, किंमत, कधी घेतली, हे सगळं बनवता बनवता इंग्रजी मागं पडतं. 'नाही' हे पूर्ण वजनाचं उत्तर आहे, फक्त त्याला कारण जोडा: "नो, आय नेव्हर हॅड वन. माय स्कूल वॉज टू फार अवे, सो आय टुक द बस. देअर वॉज अ स्पेशल ब्लू बस फॉर गर्ल्स." 'मानव विकास' या सरकारी कार्यक्रमाच्या निळ्या एसटीनं शाळा केलेल्या कितीतरी मुली विदर्भात आहेत. ती बस हे सांगण्यासारखं आहे, आणि ते इतर कुठल्या उमेदवाराकडं क्वचितच असेल.

त्याच कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीही मिळाल्या. ज्यांना मिळाली, त्या पुष्कळदा हे लपवतात; 'बाबांनी घेऊन दिली' म्हणतात. लपवू नका. "आय गॉट माय बाइक थ्रू अ गव्हर्न्मेंट स्कीम फॉर गर्ल्स. बिफोर दॅट आय हॅड टू वॉक फोर किलोमीटर्स, अँड आय वॉज ऑफन लेट." या दोन वाक्यांत आधीचं आणि नंतरचं आयुष्य आहे, 'बिफोर दॅट' आहे, 'हॅड टू' आहे. तुमच्या उत्तरातला सगळ्यात भक्कम भाग तुम्ही लाजेपोटी टाकून देऊ नये, असं मला फार वाटतं.

मधेच थांबायला होतं

कारण बहुतेक वेळा एकच: मराठी वाक्य पूर्ण तयार करून मग ते इंग्रजीत फिरवणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग. म्हणून फिरवताना वाक्याच्या सुरुवातीलाच अडतं. वाक्यं लहान ठेवा आणि 'आय' नंतर लगेच क्रियापद टाका. बाकीचं मागून येतं.

फोनच्या रेकॉर्डरला नेट लागत नाही, टॉवर नसला तरी हे करता येतं. एक प्रश्न घ्या, उत्तर रेकॉर्ड करा. ऐका आणि जसंच्या तसं लिहून काढा, 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली'सकट. कुठं थांबलात तिथं रेघ मारा. बहुतेकांची रेघ दरवेळी एकाच प्रकारच्या जागी पडते: कुणाची क्रियापदापाशी, कुणाची 'बिकॉज'नंतर. ती जागा सापडली की तेवढाच सराव करा, मग तेच उत्तर पुन्हा रेकॉर्ड करा, पण आधीचा कागद न बघता. कागद बघितला की पुन्हा पाठांतर सुरू.

विचाराला क्षणभर वेळ हवा असेल तर "लेट मी थिंक" किंवा "इट वॉज अ लाँग टाइम अगो, बट..." म्हणा. एका उत्तरात एकदाच.

पार्ट टू आणि पार्ट थ्री

लहानपणची एखादी महत्त्वाची वस्तू, असा विषय लिहिलेलं कार्ड पार्ट टूला आलं तर हीच सायकल कामी येते. १ मिनिट तयारी, मग १ ते २ मिनिटं बोलणं. कागदावर वाक्यं लिहू नका. 'भाऊ, दांडी, माती, विकली' असे चार शब्द पुरे. सायकल शेवटी कुठं गेली, हे सांगायला मुलं विसरतात आणि पन्नास सेकंदांत संपतात.

पार्ट थ्रीत मात्र प्रश्न सगळ्यांबद्दल असतो: लोक सायकल कमी का चालवतात, सरकारनं काय करावं. फायद्या-तोट्यांची जागा ही. इथंही यादी न करता एक कारण धरा आणि त्याला जागा द्या. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी सायकल मारणं धोक्याचं असतं. "इन माय रिजन समर टेम्परेचर्स गो अबव्ह फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज, सो सायकलिंग इन द आफ्टरनून कॅन बी डेंजरस." नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, पण तिथला प्रदेश सपाट आणि सायकलींना वेगळे रस्ते. अशी तुलना केली की 'व्हेअरॲज', 'कम्पेअर्ड विथ' आपोआप येतात. सरकारच्या भूमिकेसाठी बिहारचं उदाहरण चांगलं: तिथं २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली, आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांना अभ्यासात आढळलं की त्यामुळं माध्यमिक शाळेतल्या मुलींची योग्य वयातली पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. आकडा लक्षात राहिला नाही तरी "मोअर गर्ल्स स्टेड इन स्कूल" एवढं म्हटलं तरी मुद्दा उभा राहतो.

परीक्षकानं बोलणं मधेच तोडलं तर घाबरू नका, त्याला वेळ पाळायची असते. प्रश्न कळला नाही तर "सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?" अंदाजानं उत्तर देण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आज रात्री रेकॉर्ड करायला हे प्रश्न घ्या, क्रम बदलून, आणि उत्तर आधी न लिहिता:

"हू टॉट यू टू राइड अ बाइक?"

"डू पीपल इन युअर व्हिलेज स्टिल यूज बाइसिकल्स?"

"हॅव यू एव्हर फॉलन ऑफ अ बाइक?"

"वुड यू सायकल टू वर्क इन द फ्यूचर?"

तिसऱ्याकडं जास्त लक्ष द्या. प्रश्न 'हॅव यू एव्हर'नं येतो, पण पडल्याची गोष्ट सांगायला लागलात की काळ साधा भूतकाळ होतो: "येस, आय हॅव. आय हिट अ बुलक कार्ट व्हेन आय वॉज टेन." बैलगाडीला धडकला नसाल, तर जिथं पडलात ती जागा सांगा.